गुणाबाईचा रंग जुळला नाही

कोनघाटची गुणाबाई ढिवर कोणाला शिव्या देत नसे. तिला त्याची गरजच पडत नसे. डोंग्याच्या, म्हणजे लाकडी होडीच्या, शेपटाला उभी राहून ती माणसाकडे एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघायची आणि मग तोंड फिरवून पाण्याकडे बघायची. आपल्यापेक्षा पाणी जास्त बघण्यासारखं आहे, हे त्या माणसाला बरोबर कळायचं. पटवारी, गुरुजी, तेंदूपानाचे ठेकेदार, मार्कंड्याच्या जत्रेला निघालेले भाविक, कोणी त्यातून सुटलं नाही. आम्ही गावचेही सुटलो नाही. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तिचं चुकत नसे.

तेव्हा जिल्हा चांदा होता. चामोर्शीकडच्या माणसाला चांद्याला जायचं तर आधी वैनगंगा उतरायची, मग बैलगाडीने किंवा पायी मूल गाव गाठायचं, आणि तिथून रेल्वे. पूल नव्हता. आमच्या घाटावर डोंगा होता आणि तो गुणाबाईच्या नवऱ्याचा, नथ्थूचा होता. पण एका पावसाळ्यात पुरातून वाहून चाललेला ओंडका ओढताना नथ्थूचा खांदा निखळला. वैदूने तो बसवला तो वाकडाच बसवला. तेव्हापासून वल्हं गुणाबाईच्या हातात आलं. ढिवराच्या बायका मासे विकतात, जाळी विणतात. डोंगा हाकत नाहीत. गावाने चार दिवस बोलून घेतलं. मग सगळ्यांनाच पलीकडे जायचं होतं, त्यामुळे बोलणं बंद झालं.

नथ्थूला याचं दुःख झालं म्हणावं तर तसंही नाही. त्याला दंडारीचा नाद होता. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला नाचगाण्याचा आणि सोंगांचा खेळ. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते तेव्हा तो भर दुपारी मोकळ्या जागेत चालतो. खांदा गेल्यावर नथ्थूला तालमीला वेळच वेळ मिळाला. राजा, सावकार, फौजदार, कसलंही सोंग असो, ते नथ्थू घ्यायचा. बाईचं सोंग डोमा घ्यायचा. डोमा गावचा न्हावी. लुगडं नेसला की तो गावातल्या निम्म्या बायकांपेक्षा देखणा दिसायचा आणि हे त्याला ठाऊक होतं.

पंचावन्न साली पाऊस संपल्यावर मुंबईची सिनेमा कंपनी आली. तिला घेऊन आला तो बाबुलाल, चामोर्शीत एका जंगल ठेकेदाराकडे मुनीम होता तो. बाबुलालची एक खोड होती: मोठा माणूस दिसला की त्याचे गुडघे आपोआप वाकायचे. कंपनीच्या दिग्दर्शकाचं नाव चंदीरमानी. उन्हाचा काळा चष्मा, गळ्यात रुमाल, आणि बोटांनी हवेत चौकट करून नदीकडे बघायची सवय. चौकटीत न मावणारी नदी त्याला पसंत नव्हती असं त्याच्या तोंडावरून वाटायचं.

सिनेमा लढाईचा होता. बरम्यात जपान्यांचं राज्य आलंय, आणि आपल्या पलटणीचा एक जासूस त्यांच्या मुलखात उतरतो. नकाशा चोरतो. जंगलातली एक नावाडी पोरगी त्याच्यावर भाळते, त्याला नदीपार सोडते आणि जपान्यांची गोळी खाऊन मरते. जासूस घरी जातो, छातीवर बिल्ला लावून घेतो आणि कर्नलच्या गोऱ्या मुलीशी लग्न करतो. हे सगळं बरम्यात घडायचं होतं, पण बरमा लांब पडत होता. म्हणून वैनगंगेला बरमा केलं.

माणसंही इथलीच लागणार होती. चामोर्शीच्या बाजारात बाबुलालने लोकांना रांगेत उभं केलं आणि चंदीरमानीचा असिस्टंट बेडेकर, पुण्याचा एक बारीक माणूस, प्रत्येकाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवत गेला. बैल घेतानासुद्धा इतकी घाई कोणी करत नाही. ज्यांची नाकं बसकी ते जपानी. काळे ढिवर ते बरमी गावकरी. हिंदुस्थानी शिपाई मात्र मुंबईहून ट्रकमध्ये भरून आणले होते, कारण हिंदुस्थानी दिसेल असं माणूस आमच्या बाजारात एकही नव्हतं.

जंगलाच्या बाजूने मध विकायला आलेला लालसू नावाचा एक गोंड जपान्यांत निवडला गेला. त्याला खाकी टोपी दिली आणि सांगितलं, गोळी वाजली की पडायचं. तो पडला. दुसऱ्या दिवशी दुसरी टोपी देऊन पुन्हा पाडला. बेडेकर म्हणाला, लांबून ओळखू येत नाही. लालसूने विचारलं, "मी मेलो नं काल?" बेडेकर म्हणाला, "तो वेगळा जपानी होता."

नावाडी पोरीचं काम मिस तरुलता करणार होती. ती गोरी, गोल, आणि वाळूवर अनवाणी उभी राहिली की एकेक पाय वर उचलणारी. तिला रोज सकाळी तंबूत बसवून दोन माणसं पायापासून मानेपर्यंत तपकिरी काळा रंग चोपडायची. वर चित्त्याच्या ठिपक्यांचं फडकं, गळ्यात कवड्या, केसात कोंबड्याचं पीस. गुणाबाईने तिला पहिल्यांदा बघितलं ती घाटावर डोंगा बांधताना. तिने नथ्थूला विचारलं, "हे कोन हाय?"

नथ्थू आदराने म्हणाला, "नावाडीन."

"कुठची?"

"अवं, इथची. सिनेमातली. म्हंजे... तूच समज."

गुणाबाईने पिसापासून पायापर्यंत बघितलं आणि पाण्याकडे तोंड केलं.

तिला त्या लोकांशी काही घेणं नव्हतं. बाबुलालने डोंगा कंपनीला ठरवून दिला होता, नथ्थूने हो म्हटलं होतं, ती वाळूवर बसून वाट बघत होती इतकंच. पण मधल्या धारेतून डोंगा नेण्याचा प्रसंग आला तेव्हा तरुलता रडायला लागली. तिच्याऐवजी मुंबईहून आणलेल्या एका पुरुषाला बाईच्या केसांचा टोप घालून, फडकं गुंडाळून डोंग्यात उभं केलं. सर्कशीत काम केलेला माणूस, काहीही करतो, असं सांगत होते. त्याने काहीही केलं हे खरं. डोंगा आडवा घातला, वल्हं सोडलं, टोप वाहून गेला आणि डोंगा खडकाला घासत खाली चालला. गुणाबाई लुगड्यासकट पाण्यात शिरली. पोहत जाऊन तिने डोंगा धरला आणि त्या माणसाला दंडाला धरून वाळूवर आणून टाकलं. मग डोंग्याच्या तळावरून हात फिरवून कुठे चिरला का ते बघितलं. माणसाकडे बघितलं नाही.

चंदीरमानी बोटांची चौकट करून हे सगळं बघत होता. बेडेकर धावत आला.

"बाई, तुम्ही कराल का हे काम? फक्त पाठ दिसेल. तोंड तरुलताबाईंचं असणार."

"माह्या डोंग्यात पुन्हा ह्या माणसाले नाई चढवणार ना?"

"नाही नाही."

"मंग करते."

हे तिने हौसेने केलं नाही, एवढं सांगून ठेवतो. मागाहून चामोर्शीत बायका म्हणायच्या, सिनेमाचं कोणाला नको असतं! तिला नको होतं. तिला आपला डोंगा गाढवांच्या हाती द्यायचा नव्हता.

पण लगेच नवी अडचण निघाली. तिला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, तेव्हा कॅमेऱ्याच्या मागचा माणूस मान हलवू लागला. चंदीरमानी इंग्रजीत काही बोलला. बेडेकर खाकरत आला.

"बाई, थोडी अडचण आहे. तुमचा रंग जुळत नाही."

"कोनाशी?"

"तरुलताबाईंशी. म्हणजे त्यांना जो लावलाय त्याच्याशी. जंगलातल्या मुलीचा रंग पडद्यावर एका ठरावीक तऱ्हेचा दिसावा लागतो. तुमचा... तुमचा तसा नाही."

गुणाबाईने स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग तंबूच्या दाराशी खुर्चीत बसून सरबत पिणाऱ्या तरुलतेकडे बघितलं. तिचा काळा रंग घामाने मानेवरून ओघळत होता आणि खालून गोरी कातडी उघडी पडत होती.

"थे इथच्या बाईवानी दिसासाठी रंग लावून राह्यली," गुणाबाई सावकाश म्हणाली, "आन मी तिच्यावानी दिसासाठी रंग लावू?"

"हो. तेवढंच," बेडेकर म्हणाला. त्याला यात काही वावगं दिसलं नव्हतं. शिकलेला माणूस होता.

तिला रंग लावला. तिने लावू दिला. नथ्थू म्हणतो, ती हसली असती तर बरं झालं असतं, पण ती हसली नाही. दगडाला शेंदूर लावताना दगड कसा असतो तशी बसून राहिली. फडकं तिने लुगड्यावरून पाठीवर बांधून घेतलं, त्याखाली काही सोडायला ती तयार झाली नाही. पीस लावायला आलेल्या माणसाचा हात मात्र तिने मनगटात धरला.

"कोंबडी समजलास का रे मले?"

पीस लावायचं राहिलं.

डोंग्यात तिच्यासमोर जाळ्याखाली लपलेला जासूस, म्हणजे सिनेमाचा हिरो, आडवा पडला होता. त्याने दोन्ही हातांनी डोंग्याची कड घट्ट पकडली होती. मधल्या धारेत आल्यावर त्याने विचारलं, "गहरा है क्या?"

"बुडाल्यावर समजते," ती म्हणाली.

काठावर चंदीरमानी ओरडत होता. पुन्हा, आणि पुन्हा. त्याचं समाधान होईना. शेवटी बेडेकरने भोंगा तोंडाला लावला आणि नदीवरून आवाज आला, "बाई! साहेब म्हणतात पाठ दुःखी दिसत नाही! तुमचा प्रियकर कायमचा चाललाय! पाठीतून दुःख दिसू द्या!"

सकाळपासून तोच फेरा चालला होता. गुणाबाईने मान न वळवता उत्तर दिलं, आणि नदीवर आवाज लांब जातो म्हणून ते सगळ्या काठाने ऐकलं: "पाठ दुखून राह्यली! तेवढ्यावर भागवा!"

कंपनी जायच्या आदल्या दिवशी चामोर्शीत चंदीरमानीचा सत्कार झाला. बाबुलालने हार घातला. चंदीरमानीने भाषण केलं, ते आम्हाला नीट आठवतं, कारण त्यात आमचं कौतुक होतं. तो म्हणाला, या सिनेमात मी हिंदुस्थानातल्या प्रत्येक जातीला, प्रत्येक रंगाच्या माणसाला जागा दिली आहे. जंगलातल्या मागासलेल्या भावाबहिणींनासुद्धा. लोकांनी टाळ्या पिटल्या. लालसूने पिटल्या नाहीत. त्याच्या कोपरांची सालटं निघाली होती. जागा सगळ्यांना दिली होती हे खरंच होतं. कोणाला खुर्चीत दिली, कोणाला चिखलात दिली, एवढं काही त्या भाषणात आलं नाही.

गुणाबाई भाषणाला नव्हती. ती नदीवर रेतीने अंग घासत बसली होती. तो रंग पाण्याने जात नव्हता.

पुढच्या वर्षी सिनेमा चांद्याला लागला. आम्ही पुष्कळ जण गेलो, आणि नथ्थूने गुणाबाईला जवळजवळ ओढत नेलं. टॉकीजमध्ये ती खालच्या बाकावर बायकांत बसली. शेजारी पंखा बंद, पुढे पोरं ओरडत होती. पडद्यावर बरमा आला, म्हणजे आमचा घाट आला, आणि आमच्यापैकी कोणीतरी ओरडलं, "थे आमच्या घाटावरचं कवठाचं झाड पाह्य!"

मग डोंगा आला. पाठमोरी बाई, काळे खांदे, दंड, आणि वल्ह्याखाली फुटणारं पाणी. गुणाबाईने स्वतःला पाठीमागून कधी बघितलं नव्हतं. कोण बघतं? तिने मागाहून नथ्थूला सांगितलं की तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं. चांगलं हाकते ही बाई, असं वाटलं. आणि लगेच स्वतःचा राग आला.

कारण पाठ फिरली तेव्हा तोंड तरुलतेचं निघालं. ती डोळे मिचकावत म्हणाली, "हम तुमको पार ले जाएगा बाबू. तुम हमको भूल तो नहीं जाएगा?" सगळा सिनेमाभर ती असंच बोलली. तिला नाव नव्हतं. सगळे तिला जंगली म्हणत, जासूससुद्धा लाडाने जंगलीच म्हणायचा. ती त्याचे बूट पुसायची, त्याच्या पायाशी निजायची. शेवटी ती त्याच्या पायांना मिठी मारून रडली, गोळी लागली तेव्हा हसली, आणि तिच्यामागे तिचं गाव जपान्यांनी जाळलं. तो धूर जासुसाच्या डोक्यामागे छान दिसत होता. गावाचं पुढे काय झालं ते सांगायला सिनेमाला फुरसत नव्हती, लग्न जवळ आलं होतं. चांद्याच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. आमचे लोकही पुसत होते. डोमा तर हुंदके देत होता.

बाहेर आल्यावर नथ्थूने विचारलं, "कसा वाटला?"

गुणाबाई स्टेशनकडे चालू लागली. मूलपर्यंत आम्ही सिनेमाचंच बोलत राहिलो, तेव्हा ती एकदा म्हणाली, "गाव जळलं तरी तुमचं ध्यान त्याच्या टोपीवर."

त्यानंतर घाटावर एक नवा त्रास सुरू झाला. चामोर्शीचे टवाळ डोंग्यात बसले की एकमेकांना कोपर मारून म्हणायचे, "पार ले जाएगा क्या?" बाबुलालने तर सगळ्यांदेखत तिला "का वं जंगली" म्हणून हाक मारली. त्याला तिने मधल्या वाळूच्या बेटावर उतरवलं, पुढचं पाणी गुडघाभरच आहे असं सांगून, आणि डोंगा परत आणला. बाबुलाल संध्याकाळपर्यंत तिथे हाका मारत होता. शेवटी एका मासेमाराने त्याला आणलं.

हे बाहेरच्यांचं झालं. खरा घाव घरातूनच यायचा होता.

त्या साली मंडईला दंडारीत काय करावं याचा विचार चालला होता, आणि नथ्थू-डोमाला सिनेमाने असं झपाटलं होतं की त्यांनी तोच बसवला. नाव ठेवलं, 'बरम्याचा जासूस'. नथ्थू जासूस. डोमा नावाडी पोरगी, तोंडाला काजळ फासून, केसात पीस खोवून. लालसूला मुद्दाम निरोप धाडून बोलावलं, कारण तो खरा सिनेमातला जपानी होता. गुणाबाईला तालमीचा पत्ता लागू दिला नाही. लागला असता तरी तिने ढुंकून बघितलं नसतं, असं आम्हाला वाटत होतं.

मंडईचा दिवस. दुपारची वेळ, आजूबाजूच्या गावांची माणसं, चिवडा-जिलेबीची दुकानं, ढोलकी तापलेली. गुणाबाई सुकी मच्छी विकायला पाटी घेऊन बसली होती, खेळाच्या अगदी जवळ. तिथून ती उठली नाही, आणि जसजसा खेळ पुढे गेला तसतसं तिच्या आसपासच्या बायकांचं बोलणं बंद होत गेलं.

डोमाने शेवटचा प्रसंग रंगवला. डोळे मिचकावले. "हम तुमको भूलेगा नहीं बाबू!" म्हणत तो नथ्थूच्या पायांवर पडला आणि बुटांना मिठी मारली. लोक हळहळले. कोनघाटचे लोक, ढिवर, कुणबी, सगळे. ज्यांना रोज ती नदीपार नेत होती ते सगळे.

गुणाबाई पाटी ओलांडून रिंगणात गेली.

"उठ," ती डोमाला म्हणाली.

डोमा बुटांना मिठी मारूनच वर बघू लागला. ढोलकी थांबली.

"उठ म्हनते ना! पाय चाटून राह्यला. कोन्या घाटावर पाह्यली तू अशी नावाडीन?"

डोमा उठला आणि बाजूला झाला. तिने त्याच्या केसातलं पीस उपटून टाकलं, त्याचा वल्ह्याचा बांबू उचलला आणि नथ्थूसमोर उभी राहिली. नथ्थूच्या डोक्यावर कागदाची हॅट होती. आमच्या भागात बाई दंडारीत कधी उभी राहिली नव्हती. नवऱ्यासमोर, साऱ्या मंडईसमोर, तर नाहीच नाही. 

"कोन तू?" तिने विचारलं.

नथ्थू कुजबुजला, "गुणा, घरी जा वं."

"डोंग्यात बसाचं हाय तर सांगा लागंल. कोन तू?"

नथ्थू जुना गडी होता. खेळ थांबू द्यायचा नाही हे त्याच्या हाडात होतं. तो घसा साफ करून म्हणाला, "मी जासूस हाव. पलटनीचा."

"तुले मी पार नेलं, आन मांगून जपानी आला, तं थो कोनाले पुसंल?"

"तुले."

"मंग घर कोनाचं जाळंल?"

"...तुमचं."

"हे तुले ठावं हाय?"

नथ्थूने आजूबाजूला बघितलं. कोणी मदतीला येईना. "ठावं हाय," तो म्हणाला.

"ठावं असून आला. आन वरून म्हन्ते, माह्या पायाशी नीज!" कोणीतरी हसलं. तिने तिकडे बघितलं, हसू थांबलं. "तुह्यं ओझं इथवर कोनं आनलं?"

"ओझं?"

"नकाशा, बंदूक, भाकर. डोक्यावर तं तुह्या टोपी हाय. ओझं वाह्यलं कोनं? त्या लढाईत आमच्याकडले लोक नेले व्हते ओझी वाह्याले. सोमनूरचा लच्छू गेला, थो अजून आला नाई. थो कुठी हाय तुह्या सिनेमात?"

 लच्छूची म्हातारी आई गर्दीत होती. लोकांनी तिच्याकडे वळून बघितलं आणि मग कोणी हसलं नाही.

गुणाबाई लालसूकडे वळली. तो खाकी टोपी घालून, लाकडी बंदूक धरून, मरायची वाट बघत कडेला उभा होता.

"तू कोन?"

"जपानी," लालसू म्हणाला.

"कोन्या गावचा जपानी?"

लालसूने जरा विचार केला. मग टोपी काढली. "रेगडीकडला," तो म्हणाला, "गोंड हाव बाई."

यावर मात्र सगळी मंडई फुटली. लालसू स्वतःही हसला. गोंडीत त्याने मोठ्याने काहीतरी म्हटलं, त्यावर त्याच्या बाजूचे लोक अजून हसले. ढोलकीवाल्याने, इसरूने, खेळ सावरायला गोळीचा ठेका वाजवला, म्हणजे लालसूने पडावं. लालसू उभाच राहिला.

"पड ना गा!" इसरू ओरडला.

"नाई," लालसू म्हणाला, "लय झालं मरून."

गुणाबाईने नथ्थूकडे वळून म्हटलं, "बस डोंग्यात. नेते. पार सोडणं माहं काम हाय, कोनालेही सोडते. पाय पकडणं माहं काम नोहोय." आणि बांबू रोवून ती त्या धुळीत अशी उभी राहिली की तिथे पाणी आहे असं सगळ्यांना वाटलं. नथ्थू तिच्यापुढे उकिडवा बसला. त्याने हॅट काढून मांडीवर ठेवली. रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला तिने त्याला उतरवलं, बांबू डोमाच्या हातात दिला, आणि जाऊन सुकी मच्छी विकायला बसली. मच्छीचा भाव विचारायला बराच वेळ कोणी पुढे झालं नाही.

आठवड्याने समाजाचे पंच बसले. बाईने दंडारीत उभं राहून ढिवरांचं नाक कापलं, असं म्हणणं होतं. आम्ही तेव्हा तिच्या बाजूने बोललो असतो तर सांगायला बरं वाटलं असतं. आम्ही गप्प होतो. तिला कोणाची गरजही पडली नाही.

"डोमा लुगडं नेसून उभा राह्यला," ती म्हणाली, "तवा कोनाचं नाक गेलं नाई. मी माह्या लुगड्यात उभी राह्यली तं गेलं?"

पंचांतला एक म्हातारा म्हणाला, "बाई, थे सोंग व्हतं."

"तेच म्हनून राह्यली. माहं सोंग माह्यासमोर घेता, थेही चुकीचं. आन माफी मीच मांगू?"

पंचांनी काही निकाल न देता दुसरा विषय काढला. नथ्थू महिनाभर भावाकडे जेवला. एके दिवशी तो घरी येऊन ताटावर बसला आणि तिने वाढलं. त्या दुपारबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. मात्र नथ्थूने जासुसाचं सोंग पुन्हा घेतलं नाही.

पुढच्या मंडईच्या आधी इसरू आणि मंडळी नारळ घेऊन तिच्याकडे आली. लांबच्या गावांतून विचारणा होत होती, गुणाबाईची दंडार कधी आहे म्हणून. तेच लोक. गेल्या साली पंचांत बसलेले दोघेजणही त्यांच्यात होते. ती घाटावर जाळं सोडवत होती.

"गेल्या वर्सी नाक कापलं व्हतं," ती म्हणाली, "आता नारळ?"

तिने नारळ घेतला नाही. मंडळी परत गेली.

डोमा मात्र एकटा मागे राहिला. घाटावर लोक नव्हते. तो वाळूत उकिडवा बसून म्हणाला, "बाई, मले शिकव. मले बाईचं चालणं येते, लाजणं येते, रडणं येते. डोंग्यावर उभं राहणं नाई येत."

गुणाबाईने त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. पण या खेपेला तोंड फिरवलं नाही.

"रडणं आधी सोड," ती म्हणाली, "मंग चढ."

दुपारभर तिने त्याला डोंग्यात उभं केलं. तो पडला, भिजला, पुन्हा चढला. कंबर कशी सैल ठेवायची, टाच कुठे टेकवायची, माणूस चढताना त्याच्याकडे बघायचं आणि नंतर बघायचं नाही, हे सगळं तिने शिव्या न देता, पण शिव्यांपेक्षा वाईट शब्दांत सांगितलं. त्या साली मंडईला डोमा नावाडीण झाला तो तोंडाला काजळ न लावता. लालसू गोंड म्हणूनच आला, आणि जपानी कोणी नव्हतं.

खेळ चालू होता तेव्हा गुणाबाई घाटावर होती. मंडईला निघालेली माणसं तिला नदीपार आणायची होती, आणि उशीर झाला म्हणून तीच माणसं तिच्यावर डाफरत होती.